शिशाच्या थेंबाजवळ बोलू नये

रविवार, दुपारचे तीन

प्रिय भुंग्या,

तू पाठवलेले फोटो मिळून आज बारा दिवस झाले. फोनवर मी "मिळाले, बघितले" एवढंच म्हणाले आणि लगेच तुझ्या खोकल्याची चौकशी सुरू केली, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. गेल्या आठवड्यात तू तुझ्या आईला विचारलंस म्हणे, मावशी रुसली आहे का. रुसलेली नाही. फोटो बघते आहे. पाच तारखेला तुझा लेख जाणार, त्या लेखावर तुझी कायमची नेमणूक ठरणार, आणि लेखाचा सगळा भार या चार फोटोंवर आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच वेळ लागला. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून मला फोन लावू नकोस, मी उचलणार नाही.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी चारही फोटो मोठ्या कागदावर छापून घेतले. दुकानदाराने उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, कुठल्या जमिनीचे नकाशे आहेत हे. मी म्हटलं, जमीन फार थोडी आहे, मुंगीचा एक पायसुद्धा मावणार नाही. तो हसला नाही. आता ते फोटो जेवणाच्या टेबलावर पसरलेले आहेत आणि मी गेले काही दिवस ओट्याशी उभी राहून जेवते. रोज सकाळी, उजेड चांगला असताना, भिंग घेऊन एक फोटो बघते. फोटो सुंदर आहेत, हे आधी सांगून टाकते. कुठेही सुरीचा ओरखडा नाही, सुरकुती नाही, पेशीचा पडदा दोन पदरांचा स्वच्छ दिसतो. इतके चांगले काप मला माझ्या पहिल्या दहा वर्षांत जमले नव्हते. पहिल्या दिवशी मी थोडी रडलेसुद्धा. सोबत पाठवलेल्या लेखाच्या शेवटी आभार मानताना तू माझं नाव घातलं आहेस, "जिने मला बघायला शिकवलं" म्हणून. ते वाचून मी चष्मा पुसला आणि मग उगाच भांडी घासायला घेतली.

तुझ्या आईलाही मी सगळं समजावून सांगितलं. मोडलेल्या हाडाला आधाराला जी पट्टी बसवतात, तिच्यावर तुम्ही धातूच्या बारीक दाण्यांचा नवा मुलामा देता. त्या मुलाम्याचे दाणे आजूबाजूच्या पेशींच्या आत शिरतात, तिथेच राहतात, पेशीला काही इजा होत नाही, उलट हाड लवकर भरतं, असं तुझ्या लेखाचं म्हणणं. फोटोत पेशीच्या पोटात जे काळे ठिपके दिसतात, तेच ते दाणे. हे ऐकून ताई म्हणाली, "माझी पोरगी लोकांची हाडं सांधणार." संध्याकाळपर्यंत ती अर्ध्या इमारतीला सांगून आली होती. तिच्या आनंदाला काय बोलायचं? मी भिंग खिशात घातलं आणि घरी आले.

मला कामावरून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण हात अजून ऐकत नाहीत. ब्रेड कापायला घेतला की माझे काप इतके पातळ होतात की त्यांना लोणी लावता येत नाही, मोडतात. चौतीस वर्षं दुसरं काय केलं? एका केसाच्या जाडीत हजार बसतील असे काप काढले. आणि ते तू शाळेतून येऊन बघत बसायचीस. तुझ्या आईची दवाखान्यात पाळीची ड्यूटी, बाबा सदा फिरतीवर, घरी कोणी नाही, म्हणून शाळा सुटली की तू थेट आमच्या तळघरातल्या लॅबमध्ये. दप्तर दाराशी टाकायचं, हात धुवायचे आणि माझ्या शेजारच्या उंच स्टुलावर चढायचं. मग तुझी भुणभुण सुरू. हा ठोकळा पिवळा का? कारण मांस प्लास्टिकमध्ये मुरवून भट्टीत कडक केलं आहे. मांस काळं का? औषधामुळे. काप पाण्यावर का तरंगतात? सुरीला पाण्याची कुंडी चिकटवलेली आहे म्हणून. काप चंदेरी दिसला की पातळ, सोनेरी दिसला की जरा जाड, जांभळा दिसला की फेकून द्यायचा, हे तुला पाढे पाठ व्हायच्या आधी पाठ होतं. ते काप पाण्यावर हलवायला आम्ही पापणीचा केस काडीला चिकटवून वापरायचो. माझ्या पापण्या विरळ. तुझा एखादा केस गळला की तू तो वहीच्या कागदात घडी घालून माझ्याकडे आणून द्यायचीस आणि पावती मागायचीस. मी लिहून द्यायचे.

लॅबमध्ये लहान मुलांना मनाई होती. बाकी सगळ्यांनी काणाडोळा केला, कारण तू कशाला हात लावत नव्हतीस, आणि कारण लॅबचे प्रमुख, आमचे सर, काही बोलत नव्हते. सर तुला आठवत असतील. उंच, खांदे जरा पुढे आलेले, बुटांचा आवाज न करता चालणारे. मोठ्या माणसांशी मोजकं बोलायचे, पण तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यांची एकच अट होती, तू काप काढण्याच्या खोलीत बस, रंगाच्या खोलीत नको. ही अट तुझ्यासाठी नव्हती, आम्हा सगळ्यांसाठीच तिथे शिस्त होती. काप तांब्याच्या बारक्या जाळीवर उचलले की त्यांना शिशाच्या रंगात बुडवावं लागतं, नाहीतर फोटोत सगळं फिकट, धुक्यासारखं येतं. आणि त्या रंगाला माणसाचा श्वास चालत नाही. उच्छ्वासातली हवा लागली की शिसं ती धरून बसतं, त्याचे बारीक काळे ठिपके होतात आणि कापावर जाऊन बसतात. म्हणून रंगाच्या थेंबांवर झाकण, बशीत ती हवा शोषणारे खडे, तोंडाला फडकं, आणि तोंड बंद. खोलीच्या दारावर मीच मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं, थेंबाजवळ बोलू नये. नव्या मुलींना मी यावरून इतकी रागवायचे की त्या माझ्यामागे मला मुकी बाई म्हणायच्या. मला माहीत होतं. मला त्याचा थोडा अभिमानच होता.

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही. तू सात वर्षांची होतीस. त्या आठवड्यात वर रंगकाम चालू होतं आणि काप काढण्याच्या खोलीत वास कोंडला होता. तुला ठसका लागायला लागला. मी तुला उचलून रंगाच्या खोलीत नेलं. म्हटलं, अर्धा तास आहे, बसेल. तू बसलीस. दहा मिनिटं गप्प होतीस, हे तुझ्या बाजूने सांगायला हवं. मग तू विचारलंस, उंदीर म्हातारा झाला की त्याच्या नसा पण म्हाताऱ्या होतात का. सरांचं काम त्यावरच चालू होतं, म्हाताऱ्या उंदरांच्या नसा. इतका नेमका प्रश्न, आणि तो तू आपला आपण काढलेला. मला राहवलं नाही. झाकण उघडं, फडकं गळ्यात, आणि मी थेंबांवर वाकून तुला नसेचं वेष्टण कसं सैल होतं ते सांगत बसले. जाळ्या उचलल्या, धुतल्या, वाळवल्या, डबीत ठेवल्या. आपण नियम मोडला, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी मी तुला सांगण्यात रंगून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या नसांच्या वेष्टणात काळे कण सापडले होते. तरण्या उंदरांच्या नसांत नव्हते, कारण त्यांच्या जाळ्या मी आदल्या आठवड्यात एकटीने, तोंड बंद ठेवून रंगवल्या होत्या. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मला मात्र ते उघडं झाकण आठवलं. तीन दिवसांनी, कोणी नसताना, मी त्याच ठोकळ्यातून नवे काप काढले, नीट रंगवले आणि स्वतः मशीनवर बसून बघितले. एकही कण नव्हता. मी ती जाळी डबीत घातली, डबी कपाटात घातली आणि मूग गिळून बसले.

का, ते तुला नीट सांगते, कारण मला त्यात चांगलं दिसायचं नाही. सर खूश होते, हे एक. त्यांनी लेखात माझे आभार मानायचं ठरवलं होतं, आणि माझं नाव तोवर कुठेच छापून आलं नव्हतं, हे दुसरं. पण खरं कारण तिसरं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मग तुला उद्यापासून तिथे बसू दिलं नसतं. तुला कुठे ठेवायचं? ताईला नोकरी सोडावी लागली असती. आणि खरं म्हणजे, दुपारी तीन वाजता दार ढकलून तू यायचीस, त्याच्यासाठी मी सकाळपासून थांबलेली असायचे. ते मला सोडवेना. एका लेखाने असं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं.

दीड वर्षाने बिघडलं. दोन वेगळ्या लॅबना ते कण सापडेनात. त्यांनी सभ्य शब्दांत पत्रं पाठवली. सरांनी मला खोलीत बोलावून एकदाच विचारलं, "त्या दिवशी रंगवताना काही वेगळं झालं होतं का, बाई?" मी म्हणाले, नाही सर, नेहमीसारखंच. त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की पुन्हा विचारलं नाही. त्यांनी लेख मागे घेतला, चार ओळींचं निवेदन छापून आलं. त्यानंतर ते परिषदांना गेले नाहीत. नवीन काही दिसलं तरी दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगायचे, मग तिसऱ्याला, आणि तरीही लिहायचं लांबवायचे. माणूस काम करत राहिला, पण त्याची हिंमत गेली. मी ते रोज समोर बघत होते आणि त्यांच्यासाठी जाळ्या रंगवत होते. तोंड बंद ठेवून.

तू यात स्वतःला ओढू नकोस. मी तुला ओळखते, आत्ता तू कागद खाली ठेवला असशील. तो उचल. सात वर्षांच्या पोरीने विचारायचंच असतं. तोंड माझं होतं, फडकं माझ्या गळ्यात होतं, आणि पुढचं खोटंही माझंच.

गेल्या गुरुवारी मी सरांकडे गेले. आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, लेकीजवळ राहतात, खालच्या मजल्यावर, खिडकीला जाळी आणि खिडकीत मनीप्लँट. कान जरा गेले आहेत, त्यामुळे मला माझा गुन्हा मोठ्या आवाजात दोनदा सांगावा लागला. स्वयंपाकघरातून लेक डोकावून गेली. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा म्हाताऱ्या माणसाच्या रीतीने जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं, "दुसरी जाळी अगदी स्वच्छ होती? पूर्ण?" मी म्हटलं, पूर्ण स्वच्छ. मग ते खिडकीकडे वळले. म्हणाले, "मला वाटायचं, मला हवं होतं म्हणून मला ते दिसलं. तेवीस वर्षं मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता." म्हणजे कण तिथे खरोखर होते, त्यांनी होते तेच पाहिलं होतं. फक्त ते नसेचे नव्हते, माझ्या बोलण्याचे होते. एवढं एक वाक्य मी त्यांना दिलं असतं तर त्यांचा लेख गेला असता, पण डोळे राहिले असते. मी रडायला लागले तर त्यांनी लेकीला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंत, बाई, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागलो असतो." रागाने नाही म्हणाले. हिशेब सांगावा तसं म्हणाले. मी बसथांब्यावर तीन बस सोडल्या.

घरी येऊन ताईला हे सगळं सांगितलं, आणि मी तुला काय लिहिणार आहे तेही. ती माझ्यावर खूप चिडली. म्हणाली, तुला दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही का, पोरीला नोकरी लागू दे, मग काय ते सांग. आम्ही तीन दिवस बोलत नाही आहोत. तुला ती उलट सांगेल. ती तुझी आई आहे, तिला तुझं स्थिरावणं दिसतं. मला तुझी पुढची तीस वर्षं दिसतात, आणि ती पट्टी उद्या कुणाच्या तरी मांडीच्या हाडाला बसणार आहे, तेही दिसतं. "पेशीच्या आत जातं आणि काही होत नाही" हे तुझं वाक्य वाचून कुणीतरी डॉक्टर निर्धास्त होईल. ते वाक्य खरं असेल तर तुझ्यासारखी तूच. पण खरं असल्याशिवाय ते वाक्य लिहायचा तुला हक्क नाही, आणि मला गप्प बसायचा नाही.

तर ऐक, भुंग्या. तिसऱ्या फोटोत उजवीकडे खाली, जिथे पेशी संपते आणि नुसतं रिकामं प्लास्टिक आहे, तिथेही तीन ठिपके आहेत. भिंगाशिवाय दिसणार नाहीत. तिथे मांस नाही, मुलामा नाही, तिथे दाणा जायचं काही कारण नाही. शिवाय तू गेल्या महिन्यात मोठ्या आनंदाने लिहिलं होतंस, की हल्ली दोन नव्या विद्यार्थिनी शेजारी उभ्या असतात आणि तू रंगवता रंगवता त्यांना सगळं समजावून सांगतेस. ते वाचून मलाही आनंद झाला होता. त्याच ठोकळ्यातून पुन्हा काप काढ. एक जाळी झाकणाखाली, तोंड बंद ठेवून रंगव आणि एक जाळी मुळीच रंगवू नकोस. दाणे खरे असतील तर शिशाशिवायही काळेच दिसतील, आणि मग मी तुझ्या दारात येऊन, तुझ्या आईसमोर, हरले म्हणून सांगेन. खोटे असतील तर पाच तारीख जाईल, नेमणूकही लांबेल कदाचित, आणि काही दिवस तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. त्याला माझी तयारी आहे. फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण पलीकडून तुझा आवाज आला असता, "मावशी, सांग ना, कसे वाटले फोटो?" आणि मी पुन्हा एकदा, तुझ्यावरच्या मायेपोटी, गप्प बसले असते.

तुझीच,
मावशी